अंदाज चुकला तर काय, हे विचारायचं कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देशाने संरक्षणावर किती आणि कशावर खर्च करावा यावर वाचकांची जी पत्रं छापून येताहेत ती मी सगळी वाचतेय, आणि आता राहवत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. एक बाजू म्हणते पुढचं युद्ध अमक्याशीच होणार, तेव्हा आत्ताच इतकी विमानं आणि इतक्या पाणबुड्या घ्या. दुसरी बाजू म्हणते आता मोठी युद्धं होत नाहीत, सगळ्यांचा व्यापार एकमेकांत गुंतलाय, हा पैसा शाळा-दवाखान्यांना द्या. दोन्हीकडचे लोक कळकळीने लिहितात याबद्दल शंका नाही. पण दोघांनाही पुढे काय होणार ते पक्कं माहीत आहे आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. पुढची लढाई कधी, कुठे, कोणाशी आणि कशाने होणार याचे भल्याभल्या सेनापतींनी, मंत्र्यांनी, गुप्तचर खात्यांनी बांधलेले अंदाज इतक्या वेळा सपशेल आपटलेत की कुठल्याही देशात या विषयावर बोलताना पहिला प्रश्न हाच यायला पाहिजे, की तुमचा अंदाज चुकला तर तुमच्या हातात काय उरतं?

अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २०११ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या कॅडेट्ससमोर सरळ सांगितलं होतं की व्हिएतनामनंतर पुढची लढाई कुठे आणि कशी होईल हे आम्हाला एकदाही बरोबर ओळखता आलेलं नाही. जगातलं सगळ्यात मोठं लष्करी बजेट, सगळ्यात जास्त सॅटेलाइट, सगळ्यात जास्त हेर असलेला देश हे बोलतोय. मग बाकीच्यांनी छातीठोकपणे काय सांगायचं?

मॅजिनो लाइनचं उदाहरण या वादात हमखास येतं, पण त्यातून जो धडा काढतात तो मला पटत नाही. फ्रान्सने जर्मन सीमेवर काँक्रीटची तटबंदी बांधली, जर्मन तिला वळसा घालून आले, म्हणून तटबंदी बांधणं हाच मूर्खपणा, असं सांगितलं जातं. तटबंदीने तिचं काम केलं होतं, जर्मनांनी मुख्य हल्ला तिथून केलाच नाही. फ्रेंचांचा हिशेब होता की मग ते बेल्जियमच्या सपाट भागातून येतील, म्हणून आपलं सगळ्यात चांगलं सैन्य त्यांनी तिकडे धाडलं, आणि जर्मन रणगाडे आले आर्देनच्या जंगलातून, जिथून मोठं सैन्य पटकन येऊच शकणार नाही असं धरून चालले होते. १३ मे १९४० ला जर्मनांनी सेदानजवळ म्यूज नदी ओलांडली. १६ मे ला चर्चिल पॅरिसला पोचले आणि फ्रेंच सरसेनापती गामलँ यांना विचारलं, राखीव फौज कुठे आहे? उत्तर आलं, नाही. जी सातवी आर्मी हाताशी राखून ठेवता आली असती ती आधीच हॉलंडच्या दिशेने पाठवून झाली होती. २२ जूनला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. फ्रान्सकडे रणगाडे कमी नव्हते, काही तर जर्मनांपेक्षा जाड चिलखताचे होते. अंदाज चुकला हे तर झालंच, तो कोणाचाही चुकतो, पण चुकल्यावर वापरायला बाजूला काहीच ठेवलेलं नव्हतं, आणि देश त्याने गेला.

आता उलटी चूक बघा. ब्रिटनच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट १९१९ मध्ये ठरवलं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून बजेट करायचं. तेव्हा ते ठीकच होतं, चार वर्षांच्या महायुद्धाने देश पिळून निघाला होता. पण १९२८ मध्ये हा नियम असा करून टाकला की दहा वर्षांची मुदत रोज आपोआप पुढे सरकत राहील, आणि हे करायला लावणारे अर्थमंत्री होते चर्चिल, तेच चर्चिल जे पुढे शस्त्रसज्जतेसाठी ओरडत फिरले. १९३२ मध्ये नियम रद्द झाला, पण तोवर शिपयार्ड बंद पडले होते, तोफा आणि चिलखती पोलाद बनवणारे कारागीर दुसऱ्या धंद्यात गेले होते. मग पैसे मंजूर झाले तरी माल कोण बनवणार? नव्या विमानवाहू जहाजांसाठी चिलखती पोलाद चेकोस्लोव्हाकियातून मागवायची वेळ आली. पैसा एका मतदानात मंजूर होतो हो, पण वेल्डर, फिटर, तोफेची नळी ओतणारा माणूस एका मतदानात तयार होत नाही.

धोका फुगवून सांगणारेही तितकेच चुकलेत. १९६० च्या अमेरिकन निवडणुकीत केनेडींनी रशिया मिसाइलमध्ये आपल्या फार पुढे गेलाय हा मुद्दा लावून धरला होता, सॅटेलाइटचे फोटो आले तेव्हा कळलं की रशियाकडे खंडापलीकडे मारा करणारी मिसाइल मोजकीच आहेत आणि अमेरिकाच पुढे आहे. पण तोवर शर्यत सुरू झाली होती, ती थांबली नाही.

शस्त्रांच्या बाबतीतही तीच गत. १९५७ मध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेने सांगितलं की आता मिसाइलचं युग आलंय, पायलट बसलेल्या लढाऊ विमानांची गरज संपत चालली, आणि त्या भरवशावर विमानांचे प्रोजेक्ट गुंडाळले. आज इतक्या वर्षांनीही सगळे देश पायलटवाली विमानं विकत घेताहेत. अमेरिकेने फँटम विमान बनवताना त्यात तोफच बसवली नाही, हवेतली लढाई आता मिसाइलनेच होणार म्हणून, आणि व्हिएतनाममध्ये मिसाइल ऐनवेळी दगा द्यायला लागली तेव्हा पुढच्या मॉडेलमध्ये तोफ परत बसवावी लागली. १९७३ मध्ये इजिप्तच्या जवानांनी खांद्यावरून वाहून नेलेल्या सॅगर मिसाइलने इस्रायली रणगाडे फोडले तेव्हा रणगाडा मेला अशी जगभर हाकाटी झाली होती, तो अजून मेलेला नाही.

हे सगळं आत्ता का सांगतेय तर आता सगळे ड्रोन ड्रोन करताहेत. ड्रोनने युद्ध बदललंय यात वादच नाही. ज्या देशाकडे नावापुरतं नौदल उरलं होतं त्या युक्रेनने १४ एप्रिल २०२२ ला रशियाची मोस्क्वा ही मोठी युद्धनौका मिसाइलने बुडवली आणि पुढे समुद्री ड्रोनने काळ्या समुद्रातला रशियन ताफा मागे रेटला. १ जून २०२५ ला ट्रकमध्ये लपवून आत नेलेल्या ११७ ड्रोननी रशियाच्या पार आतल्या विमानतळांवरची बाँबर विमानं फोडली. पण यावरून ‘आता फक्त ड्रोन घ्या, बाकी सगळं भंगार’ असं म्हणणारी पत्रं वाचली की मला १९५७ आठवतं. ड्रोन आला तसा त्याचा रेडिओ सिग्नल अडवणारा जॅमर आला, जॅमर आला तसा बारीक फायबर केबल ओढत नेणारा ड्रोन आला ज्याला जॅम करताच येत नाही, आता त्याला अडवायला जाळ्या लावताहेत. आज गोदामात भरलेला ड्रोन सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून मला तरी ड्रोन किती आहेत यापेक्षा नवीन डिझाइन आघाडीवरून फॅक्टरीत आणि फॅक्टरीतून परत आघाडीवर किती दिवसांत पोचतं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. असला प्रश्न विचारलेला मी कुठल्याच चर्चेत ऐकलेला नाही.

आणि त्याच युद्धात सगळ्यात आधी काय संपलं? तोफगोळे. पहिल्या महायुद्धातलं वाटावं असं साधं लोखंडी भांडं आणि त्यात स्फोटक. युक्रेन दिवसाला हजारो गोळे उडवत होता, रशिया त्याहून कितीतरी जास्त, आणि युद्धाआधी अख्ख्या अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला साधारण १४ हजार बनत होते. म्हणजे महिनाभराचं उत्पादन दोन-चार दिवसांत संपणार. युरोपियन युनियनने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे द्यायचं वचन दिलं, मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपासच पोचले होते. जगातले श्रीमंत देश आहेत हे, पैशाची अडचण नव्हती. स्फोटकासाठी टीएनटी लागतं, ते बनवणारा मोठा कारखाना नाटोच्या युरोपात पोलंडमध्ये काय तो एक. गोळा उडवायला लागणाऱ्या पावडरीसाठी कापसाचे आखूड तंतू लागतात आणि त्यासाठी युरोप मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. खांद्यावरून डागायच्या स्टिंगर मिसाइलची अमेरिकेने स्वतःसाठी नवीन ऑर्डर कित्येक वर्षं दिलीच नव्हती, लाइन परत जोरात चालू करायची तर हे काम येणारे लोकच उरले नव्हते, म्हणून कंपनीने सत्तरीतल्या रिटायर्ड लोकांना बोलावून नवीन पोरांना शिकवायला लावलं. कापूस आणि सत्तरीतले इंजिनिअर. संरक्षणाची गरज म्हणून यातलं एक तरी नाव कोणत्या टीव्ही चर्चेत आलं होतं का?

टक्केवारीचं वेडही मला कळत नाही. नाटोच्या देशांनी जून २०२५ मध्ये हेगला ठरवलं की २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्च करायचा, त्यातले साडेतीन टक्के थेट लष्करावर. २०२४ मध्ये जगाने लष्करावर २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले. ठीक आहे, पण टक्का हा खर्चाचा आकडा आहे, ताकदीचा नाही. अमेरिकन नौदलाला झुमवॉल्ट वर्गाच्या ३२ युद्धनौका हव्या होत्या, खर्च वाढत वाढत शेवटी तीनच बांधल्या, तीनच म्हटल्यावर त्यांच्या खास तोफेचा एक गोळा सुमारे ८ लाख डॉलरला पडायला लागला, मग गोळ्यांची खरेदीच बंद केली, म्हणजे जहाज होतं, तोफ होती, गोळा नव्हता. एफ-३५ विमानांचं बघा, अमेरिकेच्या संसदेसाठी खर्च तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने सांगितलं की मार्च २०२३ मध्ये ताफ्यातली सरासरी ५५ टक्केच विमानं मोहिमेसाठी तयार होती, कारण सुटे भाग नाहीत, दुरुस्तीचे डेपो वेळेत उभे राहिले नाहीत. १०० विमानं घेतली म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि त्यातली ४५ जमिनीवर उभी. विमान घ्यायचा खर्च एकदाच होतो, ते उडत ठेवायचा खर्च पुढची ३०-४० वर्षं चालतो आणि तो खरेदीपेक्षा कितीतरी मोठा असतो, तरी हेडलाइन मात्र खरेदीचीच होते.

ज्या वाचकांनी लिहिलंय की हा सगळा पैसा वाया जातो त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कोस्टारिकाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं आणि तो देश आजही उभा आहे. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये मोडला तेव्हा त्याच्याकडे हजारो अणुबाँब होते, रणगाड्यांची मोजदाद नव्हती, आणि दुकानातले शेल्फ रिकामे होते. शस्त्रांच्या ओझ्याखाली देश चिरडतो हे खरंच आहे. पण कोस्टारिकाला शेजार, करार आणि भूगोल यांची साथ मिळाली, ती प्रत्येकाला मिळत नाही. अर्जेंटिनाजवळच्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांचं घ्या. १९८१ मध्ये ब्रिटनने पैसे वाचवायला दक्षिण अटलांटिकमधलं एन्ड्युरन्स हे एकच गस्ती जहाज काढून घ्यायचं जाहीर केलं, इन्व्हिन्सिबल हे विमानवाहू जहाज ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरवलं, आणि २ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाचं सैन्य बेटांवर उतरलं. इन्व्हिन्सिबल अजून ताब्यात होतं म्हणून ते पाठवता तरी आलं. सौदा आधीच पुरा होऊन जहाज हातातून गेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार काटछाट सुचवणाऱ्यांनी जरूर करावा.

मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते ते आता सांगते. अंदाज चुकतोय हे आतल्या आत ओरडून सांगणारा माणूस असतो बऱ्याचदा, त्याचं ऐकायची व्यवस्था नसते. १९७३ मध्ये इस्रायलच्या लष्करी गुप्तचर विभागाने डोक्यात पक्कं करून ठेवलं होतं की लांबवर मारा करणारी विमानं आणि मिसाइल मिळेपर्यंत इजिप्त हल्ला करणारच नाही. समोर सैन्य गोळा होताना दिसत होतं, तरी तो सराव आहे असं म्हणत राहिले. ६ ऑक्टोबरला हल्ला झाला. त्यानंतर त्यांनी शहाणपणाने एक छोटा विभाग काढला ज्याचं कामच मुळी सगळ्यांचं जे मत असेल त्याच्या विरुद्ध बाजू मांडणं. चांगली कल्पना होती. तरीही ५० वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ ला, गाझाच्या सीमेवरचं सेन्सर, कॅमेरे आणि रिमोटवर चालणाऱ्या मशीनगन लावलेलं कुंपण हमासने स्वस्तातल्या ड्रोननी आंधळं केलं आणि बुलडोझरने पाडलं. त्याच दिवशी सुमारे १२०० माणसं मारली गेली. म्हणजे नुसता विभाग काढून भागत नाही, त्याचं ऐकावं लागतं.

अमेरिकेने २००२ मध्ये मिलेनियम चॅलेंज नावाचा प्रचंड मोठा सराव घेतला, खर्च सुमारे २५ कोटी डॉलर. शत्रूची भूमिका दिली होती पॉल व्हॅन रायपर या रिटायर्ड मरीन जनरलना. त्यांनी रेडिओ वापरायचाच नाही असं ठरवलं, कारण रेडिओ ऐकला जाणार, निरोप मोटरसायकलवरून पाठवले, आणि छोट्या बोटींचा थवा आणि क्रूझ मिसाइलचा मारा एकदम करून सरावाच्या सुरुवातीलाच अमेरिकेची १६ जहाजं बुडवली, कागदावर. पुढे काय व्हायला हवं होतं? सगळ्यांनी बसून विचार करायला हवा होता. झालं असं की बुडालेली जहाजं परत तरंगती केली, शत्रूने काय करायचं काय नाही याच्यावर बंधनं घातली, व्हॅन रायपर मध्येच बाजूला झाले आणि शेवटी ठरलं होतं तसंच अमेरिका जिंकली. ज्याने फुकटात चूक दाखवून दिली त्याचेच हात बांधले. मला वाटतं संरक्षण बजेटच्या कुठल्याही वादापेक्षा हा प्रसंग जास्त वेळा सांगितला गेला पाहिजे, कारण खोटी जहाजं परत तरंगवता येतात, खरी नाही.

मग करायचं काय? फिनलंडकडे बघा असं मी म्हणेन. लोकसंख्या सुमारे ५६ लाख, शेजारी रशिया. शीतयुद्ध संपल्यावर स्वीडनने गॉटलंड बेटावरचं सैन्य काढलं, २०१० मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबवली आणि मग २०१७ मध्ये ती परत आणायचा निर्णय घ्यावा लागला, फिनलंडने मात्र मधली सगळी वर्षं सेवा चालूच ठेवली. युद्ध झालं तर २ लाख ८० हजार लोक उभे करता येतील अशी तयारी. साधारण ५० हजार बंकर, त्यात ४८ लाख लोकांची सोय. धान्य, इंधन, औषधं यांचा साठा सांभाळायला वेगळी सरकारी संस्था. यातलं काहीही कुठल्या एका शत्रूसाठी किंवा एका प्रकारच्या युद्धासाठी नाहीये. हल्ला जमिनीवरून होवो, समुद्राखालच्या केबल तुटोत, की २००७ मध्ये एस्टोनियाच्या बँकांच्या आणि सरकारी वेबसाइट बंद पाडल्या तसा सायबर हल्ला होवो, साठा आणि शिकलेली माणसं प्रत्येक वेळी कामाला येतात. दिसायला हे विमानासारखं देखणं नाही आणि याचं संचलनही काढता येत नाही, मान्य.

कोणी म्हणेल या सगळ्या गोष्टी गुप्त असतात, उघड बोललो तर शत्रूला कळेल. कुठल्या बोगद्यात किती मिसाइल ठेवलीत हे गुप्तच पाहिजे. पण एफ-३५ विमानांपैकी जवळपास निम्मी जमिनीवर असतात हे अमेरिकेची जीएओ छापून सांगते, त्याने अमेरिका कमजोर झाली नाही. स्वीडनमध्ये संसदेतल्या पक्षांचे प्रतिनिधी एकत्र बसून धोक्यांचा आढावा घेतात आणि तो अहवाल लोकांना वाचायला मिळतो. शत्रूकडे हेर असतात, सॅटेलाइट असतात, त्याला बरंच काही आधीच कळलेलं असतं. अंधारात राहतो तो कर भरणारा माणूस आणि त्याचा आमदार-खासदार, आणि मग गुप्ततेच्या पडद्याआड गोदाम रिकामं आहे हे युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एकदम कळतं.

संपादक महोदय, तुम्हाला एक विनंती करायची आहे. कुठल्याही देशाच्या शस्त्रखरेदीची बातमी छापाल तेव्हा किमतीबरोबर आणखी थोडी माहिती तुमच्या वार्ताहरांना विचारायला सांगा: याचा दारूगोळा किती दिवस पुरेल, संपला तर नवीन यायला किती महिने लागतील, त्यातला कुठला भाग परदेशातून येतो, दुरुस्ती कोण करणार आणि आत्ता आहेत त्यातली किती चालू स्थितीत आहेत. धोक्यावर लेख छापाल तेव्हा तज्ज्ञांना एवढंच विचारा की तुमचं म्हणणं चुकीचं निघालं तर ही खरेदी कशाला उपयोगी पडेल. ही माहिती बातमीशेजारी छोट्या चौकटीत द्या. आणि उत्तर मिळालं नाही तर चौकट गाळू नका, माहिती मागितली होती पण दिली नाही असं छापा, कुठल्या खात्याने दिली नाही त्याच्या नावासकट.

आपली,
एक नियमित वाचक